ओढा धरून खाली उतरायचं का? आणि तुमची बाकीची उत्तरं

दर वेळी या सदरात तुम्ही विचारता आणि मी उत्तरं देते. जूनच्या अंकात मीच तुम्हाला प्रश्न विचारले होते. डोंगरात वाट चुकली, साप चावला, पुराच्या पाण्यात गाडी अडकली, इमारतीला आग लागली, स्वयंपाकघरात गॅसचा वास आला, तर तुमची पहिली हालचाल कोणती? प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय दिले होते. योग्य उत्तरं मागच्या अंकात छापली आणि तेव्हापासून पत्रांचा ओघ थांबलेला नाही. "आमचं उत्तर चूक कसं?" हाच बहुतेकांचा सूर आहे. मला तो मनापासून आवडला, कारण भांडून पटवून घेतलेली गोष्ट माणूस विसरत नाही.

नव्या वाचकांसाठी दोन शब्द. मी रायगड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. तरुणपणापासून डोंगरात हिंडते आणि आमच्या भागातल्या शोधपथकाबरोबर बरीच वर्षं जाते आहे.

तुमची पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी दिसत राहिली. चुकलेल्या उत्तरांपैकी पुष्कळशी खोटी नाहीत, ती परमुलखातली आहेत. वाळवंटात किंवा बर्फाच्या प्रदेशात ती कदाचित बरोबरही ठरतील. पण तुम्ही भीमाशंकरच्या जंगलात आणि दादरच्या पुलावर असता. इथला दगड वेगळा, पाऊस वेगळा, साप वेगळे, गर्दी तर वेगळीच. म्हणून आज पत्रांना सविस्तर उत्तरं देते.

"ताई, धुक्यात वाट चुकली आहे, फोनला रेंज नाही आणि जवळच ओढ्याचा आवाज येतो आहे, या प्रश्नाला मी 'ओढा धरून खाली उतरेन' हे उत्तर दिलं. पाणी वस्तीकडेच जातं, असं सगळीकडे सांगतात. मग माझं उत्तर चूक का?" (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे)

तुझ्यासारखं उत्तर देणारे सर्वांत जास्त होते आणि मला सर्वांत जास्त काळजी याच उत्तराची वाटली. सह्याद्री लाव्हारसाच्या थरांवर थर चढून झालेला आहे. एक थर कठीण, त्याखालचा ठिसूळ, पुन्हा कठीण. त्यामुळे डोंगराला उतार कमी आणि टप्पे जास्त. ओढा या प्रत्येक टप्प्यावरून उडी मारतो. पाण्याला ते जमतं, माणसाला जमत नाही. त्यातून तू घाटमाथ्याच्या पश्चिम कडेला असलास, तर ओढा वस्तीकडे नेतो हे खरं, पण कोकणात पोचण्याआधी तो सरळ कड्यावरून खाली कोसळतो.

अशी माणसं कशी सापडतात ते सांगते. एकदा पावसाळा सरताना दोन मुलं संध्याकाळपर्यंत उतरली नाहीत, म्हणून गावकऱ्यांनी निरोप धाडला. आम्ही अंधारात निघालो. मुलं ओढ्यात होती. पहिला टप्पा पुरुषभर उंचीचा, तिथे ती बसून घसरत उतरली होती. दुसरा जरा मोठा, तिथे एका वेलीला धरून. तिसऱ्या टप्प्याच्या तोंडाशी आल्यावर खाली झाडांचे शेंडे दिसले आणि ती थबकली. मागे वळली तर शेवाळलेल्या दगडावरून वर चढता येईना. पुढे कडा, मागे भिंत आणि मधे दोन माणसं जेमतेम बसतील एवढी ओली कपार. आम्ही वरून दोर लावला तेव्हा धाकट्याचे दात वाजत होते आणि त्याला स्वतःचं नाव नीट सांगता येत नव्हतं. सह्याद्रीत थंडीनं कोण गारठतं, असं लोकांना वाटतं. ओले कपडे आणि घाटमाथ्याचा वारा असला की ऑगस्टमध्येसुद्धा माणूस गारठून जिवाला मुकू शकतो. आधी हुडहुडी भरते, मग पाय अडखळतात, मग बोलणं बरळल्यासारखं होतं. हुडहुडी थांबली आणि माणूस शांत झाला, तर तो बरा झाला असं समजू नका, तिथून पुढे फार थोडा वेळ उरतो. ओले कपडे काढा, कोरडे घाला, खाली सॅक किंवा पालापाचोळा घालून वरून प्लास्टिक गुंडाळा, शुद्धीवर असेल तर गोड आणि गरम काही पाजा. दारूचा घोट चुकूनही देऊ नका. तिनं शरीरातली ऊब आणखी लवकर निघून जाते.

तेव्हा वाट चुकली असं वाटलं की आधी थांब. खाली बस, पाणी पी. शेवटची खात्रीची खूण कुठली होती ते आठव: देवाचा दगड, टाकं, खिंड, बाण, काहीही. उजेड असेल तर तिथपर्यंत माघारी जा. ढोरवाटांच्या नादी लागू नकोस. गुरं चरायला जातात, गावाला जात नाहीत, त्यामुळे त्यांच्या वाटा फुटत फुटत जाळीत विरून जातात. रेंज शोधायची तर घळीत उतरू नकोस, सोंडेवर किंवा पठारावर ये. फोन लागत नसला तरी लघुसंदेश अनेकदा निघून जातो. नाव, ठिकाण, किती जण, कोणाला काय लागलं आहे, एवढंच लिही. तुझ्या कंपनीची रेंज नसली आणि दुसऱ्या कंपनीची असली, तरी ११२ लागण्याची शक्यता असते, म्हणून प्रयत्न कर. अंधार पडला की जिथे आहेस तिथेच, कड्यापासून आणि पाण्यापासून दूर, रात्र काढ. एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. हा डोंगरातला मदतीचा आंतरराष्ट्रीय इशारा आहे. टॉर्चनेही तसाच देता येतो. कोणी ऐकलं तर मिनिटाला तीन शिट्ट्यांनी उत्तर येईल. ओरडून घसा तासाभरात बसतो, शिट्टी रात्रभर वाजवता येते.

शेवाळ झाडाच्या उत्तर बाजूला असतं, त्यावरून दिशा ओळखेन, असंही तू लिहिलं आहेस. जुलैत राजमाचीच्या जंगलात जा आणि एक झाड असं दाखव, ज्याला एकाच बाजूला शेवाळ आहे. आकाश मोकळं असेल तेव्हा ध्रुवतारा शोध. सप्तर्षी दिसत नसले तर शर्मिष्ठा या तारकासमूहावरून सापडतो. पण उंच शोधू नकोस. ध्रुव क्षितिजापासून आपल्या अक्षांशाइतकाच वर असतो, पुण्याहून साधारण साडेअठरा अंश. हात सरळ ताणून मूठ धरलीस तर एक मूठ सुमारे दहा अंशांची, म्हणजे दोन मुठींच्याही किंचित खाली. समोर डोंगर असेल तर तो दिसणारही नाही, हेही ध्यानात ठेव.

"सर्पदंशाच्या प्रश्नाला मी 'साप मारून सोबत न्यावा' हे उत्तर दिलं. कोणता साप ते कळल्याशिवाय डॉक्टर लस कशी देणार?" (शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा)

बाई, तुमची शंका रास्त आहे आणि तुमच्या वर्गातल्या मुलांच्या घरोघरी ती असणार, म्हणून जरा विस्तारानं लिहिते. आपल्याकडे बहुतेक जीवघेणे दंश चार सापांचे असतात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. आपल्याकडे मिळणारी सापाची लस या चौघांच्याही विषावर एकत्रच काम करते. मुंबईत हाफकिनमध्ये ती पिढ्यानपिढ्या तयार होत आली आहे. डॉक्टर लस देतात ती रुग्णाच्या लक्षणांवरून. घोणस किंवा फुरशाच्या विषानं रक्त गोठेनासं होतं. ते पाहायला थोडं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करतात. रक्त पातळच राहिलं तर उत्तर मिळालं. यासाठी मेलेला साप लागत नाही. साप मारायच्या नादात दुसऱ्या माणसाला चावा बसलेला मात्र मी वॉर्डात पाहिला आहे. दुरून फोटो मिळाला तर घ्या, नाही तर सोडून द्या.

मण्यारीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ती फसवते. ती रात्री निघते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात बारीक, वेदना जवळजवळ नाही, सूजही नाही. पहाटे एका वाडीवरून नऊ-दहा वर्षांचा मुलगा आणला होता. आईचं म्हणणं, रात्री पोटात दुखतं म्हणाला, ओवा दिला, आता डोळे उघडत नाही. मी त्याला हाक मारली. त्याला उघडायचे होते, पण पापण्या उचलेनात. त्यानं हनुवटी वर करून पापणीच्या फटीतून माझ्याकडे पाहिलं. एका श्वासात आकडे मोज म्हटलं तर सातपर्यंत पोचला. थोड्या वेळानं पुन्हा मोजायला लावलं तर चारवरच दम संपला. अंगावर दंशाची खूण शोधूनही सापडली नाही. डॉक्टरांनी लस सुरू केली आणि मोठ्या रुग्णालयात नेईपर्यंत १०८ च्या गाडीत आम्ही आळीपाळीनं श्वासाची पिशवी दाबत होतो. मुलगा वाचला. जमिनीवर झोपणाऱ्या माणसाला रात्री कारण नसताना पोटात दुखलं, उलटी झाली, घशाशी गिळायला त्रास झाला, पापण्या जड झाल्या, तर सकाळची वाट पाहू नका. मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचून झोपणं, हा मण्यारीवरचा मला माहीत असलेला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

दंश झाल्यावर काय करायचं ते थोडक्यात. चिरा पाडू नका, तोंडानं ओढू नका, दोरीनं आवळून बांधू नका. आवळून बांधलेला पाय काळा पडून गमावण्याची वेळ आलेली माणसं मी पाहिली आहेत. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढा, नंतर सुजेमुळे निघत नाहीत. हात किंवा पाय फळीला सैल बांधून मोडलेल्या हाडासारखा स्थिर ठेवा. माणसाला चालवू नका. गाडी मिळत नसेल तर मोटरसायकलवर त्याला मधे बसवा आणि मागून एकानं घट्ट धरा. जाताना १०८ ला फोन करून जवळ कुठे लस आहे ते विचारा. मांत्रिकाकडे घालवलेला तास नंतर कोणताही डॉक्टर परत आणू शकत नाही.

विंचवाचंही तुम्ही विचारलं आहे. कोकणातला लाल विंचू लहान मुलांच्या हृदयावर घाव घालतो. एके काळी या दंशानं दगावणाऱ्या मुलांचं प्रमाण फार मोठं होतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवलं आणि चित्र पालटलं. आपल्याच जिल्ह्यांच्या दवाखान्यांतून उभं राहिलेलं हे ज्ञान आहे, ते मुलांना शाळेत शिकवाच. विंचू चावल्यावर घाम फुटला, हातपाय गार पडले, उलट्या झाल्या, तर कांदा चोळत बसू नका, दवाखाना गाठा.

"पुराच्या पाण्यात गाडी बंद पडली तर काचा वर करून आत बसून राहावं, असं मी लिहिलं. बाहेर पाणी, आत कोरडं. यात चूक काय?" (अंधेरी)

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी मुंबईत काही माणसं बंद गाडीत गुदमरून गेली. काचा विजेवर चालणाऱ्या, पाणी शिरल्यावर त्या उतरेनात आणि बाहेरच्या पाण्याच्या दाबानं दारं उघडेनात. तुम्ही अंधेरीचे, तुमच्या आसपास त्या दिवसाच्या आठवणी असलेली माणसं नक्की असतील, त्यांना विचारा.

पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं की गाडीचा मोह सोडा. क्रम असा: पट्टा काढा, काच खाली करा, मुलांना आधी बाहेर द्या, मग तुम्ही. दार ढकलत बसू नका, काच चालू असेतो तीच वाट. काच उतरत नसेल तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात टोकदार जड वस्तूनं मारा. समोरची काच दोन थरांची असते, तिच्यावर शक्ती घालवू नका. वाहतं फूटभर पाणी लहान गाडीला ढकलू शकतं आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्या उचलतं. पुलावरून पाणी वाहताना "एवढंसं तर आहे" म्हणून गाडी घालणारे लोक दर पावसाळ्यात दिसतात. त्यांना मी हात जोडून सांगते, थांबा.

पायी निघालात तर हातात काठी किंवा छत्री घ्या आणि पुढचं पाऊल टाकण्याआधी तळ चाचपा. २०१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईतले एक नामवंत डॉक्टर पाण्याखालच्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. पाण्यात भोवरा दिसला तर त्याच्या जवळ जाऊ नका. विजेचे खांब, डबे, बसस्टॉपचे लोखंडी दांडे यांना हात लावू नका. घरी पोचल्यावर साबणानं पाय धुवा. पायाला जखम असून असं पाणी तुडवलं असेल, तर लेप्टोवरची, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या तापावरची, प्रतिबंधक गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते. ती डॉक्टरांना विचारून घ्या, कारण गरोदर बायकांना आणि लहान मुलांना वेगळं औषध लागतं.

वर्षासहलीला जाणाऱ्यांसाठी हीच गोष्ट दुसऱ्या जागी. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी वरच्या डोंगरात असू शकतो. नितळ पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या-पानं वाहत आली, आवाज वाढला, तर चपला-पिशव्या तिथेच टाकून काठावर या आणि आणखी वर चढा. फोटोची पोझ पूर्ण करायला जेवढा वेळ लागतो, तेवढाही नसतो.

"गर्दीत सापडलो तर जोर लावून मागे फिरावं, हे माझं उत्तर. कल्याणहून रोज लोकलनं जाते, गर्दी मला शिकवू नका!" (कल्याण)

तुमच्या अनुभवापुढे मी नम्र आहे, पण तुमचा अनुभव चालत्या गर्दीचा आहे. मी बोलते आहे ती थिजलेल्या गर्दीबद्दल. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर पाऊस आला म्हणून लोक खाली उतरेनात आणि मागून गाड्यांमधून माणसं येतच राहिली. २३ जण गेले. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत अडीचशेहून जास्त भाविक गेले. अशा ठिकाणी लोक तुडवले जाऊन मरतात असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात पुष्कळ जण उभ्या उभ्या जातात. चारी बाजूंच्या दाबानं छाती फुगत नाही, श्वास आत घेताच येत नाही.

म्हणून पहिलं काम, छातीपुढे जागा राखणं. दोन्ही हात कोपरात वाकवून छातीसमोर आणा, सॅक असेल तर पोटावर घ्या. लोंढ्याच्या उलट जोर लावलात तर दम संपतो आणि तोल जातो. लाट येईल तिच्याबरोबर एक-दोन पावलं जा, लाट ओसरली की तिरकं कडेला सरका. पण भिंत किंवा कठड्याला चिकटू नका, तिथे चिरडायला होतं. मोबाइल पडला, चप्पल निघाली, वाकू नका. मूल असेल तर खांद्यावर. पडलातच तर कुशीवर वळून गुडघे पोटाशी घ्या, डोकं हातांत लपवा. पालथं किंवा उताणं पडू नका.

आणि एक खूण शिकून ठेवा. गर्दीत हात उचलून स्वतःच्या नाकाला लावता येत नसेल, तर ती जागा धोक्याची झाली आहे. अंग हलवता येतं आहे तोवर निघा. पुढची गाडी, पुढचं दर्शन पुन्हा मिळेल.

"आगीत बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसावं. पाणी आहे म्हणजे सुरक्षित, नाही का?" (ठाणे)

नाही. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री मुंबईत कमला मिलच्या आवारात आग लागली तेव्हा १४ जण गेले आणि त्यांतले बरेच जण आसऱ्यासाठी स्वच्छतागृहात शिरले होते. त्यांचा जीव धुरानं घेतला. ज्वाळा पोचायच्या किती तरी आधी धूर पोचतो आणि काही श्वासांत माणूस बेशुद्ध होतो. दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू दाराला लावून पाहा. गार असेल आणि जिना मोकळा असेल तर खाली उतरा, मागे दार ओढून घ्या. लिफ्ट नको. धूर असेल तर गुडघ्यांवर रांगत जा, जमिनीलगतची हवा बरी असते. जिना धुरानं भरला असेल तर रस्त्याकडच्या खोलीत थांबा, दाराखाली ओले टॉवेल कोंबा, १०१ ला मजला आणि खोली सांगा आणि खिडकीतून दिसत राहा. आणि आजच तुमच्या सोसायटीच्या जिन्यात जाऊन या. तिथे सायकली, जुनी कपाटं, कुंड्या असतील तर पुढच्या सभेपर्यंत थांबू नका.

"गॅसचा वास आल्यावर एक्झॉस्ट फॅन लावावा की नाही, यावर आमच्या घरात दोन तट पडले आहेत." (नाशिक)

लावू नये. बटण चालू करताना आणि बंद करतानाही ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि मग फोन करा. सिलिंडरच्या गॅससाठी १९०६ हा मदत क्रमांक आहे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो, म्हणून खालून हवा जायला वाट हवी, गॅलरीचं दार उघडा. पाइपचा गॅस हलका, तो छताकडे जातो, तिथे वरच्या खिडक्या महत्त्वाच्या.

याच पत्रात तुम्ही बंद बाथरूममधल्या गॅस गिझरचा उल्लेख सहज केला आहे, त्यावर मला थांबावंसं वाटतं. जळताना प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात आणि माणूस कडीपर्यंत पोचत नाही. आंघोळीला गेलेलं धडधाकट माणूस बाथरूममध्ये पडलेलं सापडतं आणि घरचे हार्ट अॅटॅक समजतात. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. या दिवाळीच्या आत.

"शेतात काम करताना वीज कडाडायला लागली तर झाडाखाली न जाता जावं कुठे? आमच्याकडे मैलभर झाडाशिवाय काही नाही." (परभणी जिल्हा)

दादा, खरी अडचण सांगितलीत. म्हणून निघायची वेळ आधी पकडायची. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला की काम टाकून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' अॅप मोफत आहे, ते परिसरातल्या विजेची सूचना देतं. घरातल्या पोराकडून फोनमध्ये टाकून घ्या. अगदीच सापडलात तर एकट्या झाडापासून, विहिरीच्या मोटारीपासून, तारेच्या कुंपणापासून दूर, सखल जागी दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे पडू नका. चार-पाच जण असाल तर पांगून बसा.

वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर झटका बसत नाही. श्वास थांबलेल्याकडे आधी जा. छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. विजेनं थांबलेलं हृदय असं परत सुरू होऊ शकतं, म्हणून गेला असं समजून सोडून देऊ नका.

काही छोटी उत्तरं

निवडुंगातून पाणी मिळेल (सातारा, सोलापूर): टीव्हीवरचं निवडुंग वेगळं. आपल्या निवडुंगाचा आणि शेराचा चीक विषारी आहे, डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेततं.

आग्या मोहोळ उठल्यावर तळ्यात उडी (जुन्नर): माश्या वर घोंगावत वाट पाहतात. तोंड-मान चादरीनं झाकून कड्याची बाजू टाळत दूर निघा. काटे लगेच काढा. दम लागला किंवा ओठ-जीभ सुजली तर थेट रुग्णालय. गडावर धूर आणि सेंट दोन्ही नको.

टाक्याचं पाणी नितळ आहे म्हणून तसंच प्यावं (नगर): नितळ म्हणजे निर्जंतुक नव्हे. खळखळून एक मिनिट उकळा.

बिबट्या दिसल्यावर खाली बसून निश्चल राहावं (ओतूर): उलट ताठ उभे राहा, मुलाला उचलून घ्या, आवाज करा, पाठ न दाखवता हळूहळू मागे सरका. खाली बसलेला माणूस त्याला लहान जनावर वाटू शकतो.

"मी सत्तरी ओलांडली आहे, डोंगर चढत नाही. नातू मात्र दर रविवारी कुठे ना कुठे जातो. या परीक्षेत माझ्यासाठी एकही प्रश्न नव्हता." (डोंबिवली)

आजोबा, तुमच्यासाठी सर्वांत मोठं काम आहे. शोधपथक निघतं ते घरी बसलेल्या कोणाच्या तरी फोनमुळे. नातू निघण्याआधी त्याच्याकडून एका कागदावर लिहून घ्या: कुठला किल्ला, पायथ्याचं गाव आणि तालुका, कुठल्या वाटेनं चढणार, कुठल्या वाटेनं उतरणार, बरोबर कोण, त्यांचे नंबर, गाडीचा क्रमांक, अंगातल्या कपड्यांचा रंग, औषध चालू असेल तर तेही. आणि शेवटी एक वेळ, जिच्या आत त्याचा फोन यायलाच हवा. कागद फ्रिजवर लावा. "बघू, जमलं तर दुसरा किल्ला करू" असं म्हणाला तर त्याला थांबवा. बेत बदलला तर रेंज असेपर्यंत कळवायचं, हे वचन घ्या.

ठरलेली वेळ टळली की आधी त्याच्या जोडीदारांना आणि पायथ्याच्या गावात फोन करा. तिथूनही पत्ता लागला नाही तर ११२ लावा आणि कागद समोर धरून वाचून दाखवा. डोंगरातल्या शोधकार्यासाठी महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर आहे, त्यांचा मदत क्रमांक नातवाकडून आजच घेऊन त्याच कागदाखाली लिहून ठेवा. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी स्थानिक पथकंही अशा वेळी धावून जातात. लोकांना त्रास कशाला, उद्या सकाळी पाहू, असं मनात येईल. तसं करू नका. पथकाला गाव गाठायला तास-दोन तास लागतात, तुमचा फोन नऊला आला तर आम्ही मध्यरात्रीच्या आत डोंगरात असतो. आणि तेवढ्यात नातू हसत घरी आला, तर पुन्हा एक फोन करून तो आल्याचं कळवा. आमच्यापैकी कोणीही रागावणार नाही.